संध्याकाळनंतरचं पाणी

आमच्या सिंदी मेघेत बऱ्याच फाटकांपाशी नीळ कालवलेल्या पाण्याची बाटली दिसते. कुत्री तिला बुजतात आणि तिथं मुतत नाहीत, असा समज. मी तशी एक बाटली घरात ठेवली होती. आमच्याच म्हाताऱ्या कुत्रीसाठी.

उन्हाळ्यात ती फार पाणी प्यायला लागली, हे आधी बायकोनं पाहिलं.

"लय पानी पिऊन राह्यली हे. डाक्टरले दाखवून आना ना."

"वर्धेचा उन्हाळा व्हय हा. तू काय कमी पेतं?" मी हसण्यावारी नेलं.

उन्हाळा गेला, दिवाळी आली, तिचं पिणं तेवढंच. बैठकीतली फरशी ओली व्हायला लागली. इतक्या वर्षांत तिनं घरात कधी घाण केली नव्हती, तरी मला ती म्हातारपणाची खोड वाटली. निळ्या बाटलीनं काही झालं नाही. मग बायको झोपली की मी कुत्रीचं पाण्याचं भांडं मोरीत रिकामं करू लागलो, आणि सकाळी बायको उठायच्या आत भरून ठेवू लागलो. कुत्री मग न्हाणीघरातली ओली फरशी चाटायची. मी न्हाणीचं दारही लावून घेतलं.

तिनं खाणं सोडलं तेव्हा दवाखान्यात नेलं. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं बरीच निकामी झालीत. पाणी वाढलं तेव्हाच रक्त-लघवी तपासली असती, तर औषधपथ्यावर आणखी काही काळ निघाला असता.

"पाणी तर भरपूर देत होता ना?" त्यांनी विचारलं.

माझ्याआधी बायकोच बोलली, "हो जी. भांडं कधी रिकामं नाई राहू देलं मी."

मी सलाईनच्या नळीकडे बघत राहिलो.

कुत्री गेली. नंतर बायको येईल त्याला सांगायची, "मले दिसत होतं, तरी मीच नाई नेलं तिले. माह्यामुळं गेली." शेजारणी तिची समजूत घालायच्या. मी उठून आत जायचो. परवा ते भांडं घासूनपुसून माळ्यावर ठेवताना ती पुन्हा तेच म्हणाली, आणि मला ऐकवेना. सगळं सांगून टाकलं.

ती स्टुलावर तशीच उभी राहिली. मग विचारलं, "रात्री पानी मांगे का ती?"

"मांगे," मी म्हणालो. "रिकामं भांडं तोंडानं ढकलत माह्या खाटेपर्यंत आने."