निजलेल्या माणसाचं माप

फक्कीवाल्या चाचांनी आयुष्यात एकही घर कागदावर काढलं नाही. त्यांचं घर जमिनीवर निघायचं, पुऱ्या मापाचं. तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, त्यात चुन्याची पांढरी फक्की, आणि तो डबा हलवत पाठमोरे चालत जाणारे चाचा. टेप खिशात असायचा, पण तो दुसऱ्यांची खात्री पटवायला. त्यांचं स्वतःचं पाऊल कधी बोटभरही चुकलेलं मी पाहिलं नाही. रेघ पुरी झाली की कोपरापर्यंत पांढरा झालेला हात झटकायचे आणि मालकाला म्हणायचे, "ही तुमची भिंत. आज पायानं पुसता येती. नंतर पुसायला घण लागतो."

इंटिरियरचा डिप्लोमा घेऊन मी पुण्याहून सोलापूरला परत आले, तेव्हा बाबांनी मला ह्या माणसाकडे काम शिकायला धाडलं. आमचं घर चाचांनीच बांधलेलं. मला काय राग आला होता! हातात लॅपटॉप, डोक्यात थ्रीडी चित्रं, आणि गुरू कोण, तर डबा हलवणारा गवंडी. चाचांनी माझ्याकडे एकदा वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "भाकरी थापता येती का?" मी नाही म्हटलं. "मग ओटा कसा काढणार तू?" झालं. पहिल्याच दिवशी माझी हवा काढून घेतली. गिऱ्हाइकांसमोर ते मला 'ताई' म्हणायचे, आणि दोघंच असलो की 'बेटा'.

त्यांची खरी गंमत फक्की मारून झाल्यावर सुरू व्हायची. घरमालकाला हुकूम सुटायचा, "उद्या सकाळी जेवणाचे डबे घेऊन या. दिवसभर हितं राहायचं." हितं म्हणजे रेघांत. जुळे सोलापुरात बँकेत नोकरी करणारं एक जोडपं होतं, सोबत म्हातारी आई. आले बिचारे चटई घेऊन. आजींनी दाराच्या रेघेबाहेर चपला काढल्या आणि आत पाऊल टाकताना नकळत वाकल्या, तेव्हा शेजारच्या प्लॉटवरचे मजूर खो खो हसले. चाचा हसले नाहीत. सूनबाईंना म्हणाले, "वहिनी, थापा भाकरी." त्या लाजत लाजत हवेत भाकरी थापायला लागल्या. चाचांनी गॅसच्या जागी काडी ओढली. विझली. दुसरी ओढली, तीही विझली. "खिडकीचा वारा सरळ शेगडीवर येतोय की. रोज विझणार आणि रोज मला शिव्या देणार." पायानं रेघ पुसली आणि ओटा दुसऱ्या भिंतीला गेला.

दुपारी तीनला आजी आपल्या खोलीतून उठून लिंबाखाली जाऊन बसल्या. एप्रिलचं सोलापूर, दुसरं काय करणार? चाचा तेवढ्याचीच वाट बघत बसले होते. म्हणाले, "बघितलंस बेटा? माणूस उठून गेलं म्हणजे खोली चुकली." आजींची खोली पूर्वेला सरकली आणि पश्चिमेच्या भिंतीला कपाटांची रांग आली. ऊन कपाटांनी सोसावं, माणसांनी नव्हे, हा त्यांचा कायदा. आणि प्रत्येक घरात एक प्रश्न ठरलेला: "चादरी कुठं ठेवणार?" आपल्या गावात पाव्हणे आले की वीस चादरी निघतात, त्यांची जागा नकाशात कुणीच काढत नाही, म्हणायचे. मी हे सगळं वहीत लिहून घ्यायची. वही अजून आहे माझ्याकडे.

सगळ्यात शेवटची परीक्षा लोकांना आवडायची नाही. संध्याकाळी आतल्या खोलीत चटईवर एकानं निजायचं आणि बाकीच्यांनी ती चटई उचलून, एकाही रेघेवर पाय न देता फाटकापर्यंत न्यायची. निजणारी बहुतेक मीच असायची. वळणावर रेघेवर पाय पडला की चाचा ओरडायचे, "पडली भिंत! परत!" आणि रेघ पुसून वाट रुंद करायचे. निजलेलं माणूस सरळ, आडवंच्या आडवं बाहेर आलं पाहिजे. त्यासाठी साडेतीन फूट वाट लागते. सव्वातीनसुद्धा चालायची नाही. लोक कुरकुरायचे, हे कसलं अभद्र म्हणून. त्यांना ते सांगायचे, "कपाट न्यायला लागतंय की कधीतरी."

"चाचा, कपाट काय चटईवर निजून जातं का?" मी एकदा त्यांना छेडलं. पाण्याच्या टाकीवर बसून आम्ही चहा पीत होतो. त्यांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "आमी गिरणीच्या चाळीत राहायचो. अम्मीला दवाखान्यात न्यायचं होतं. दार अरुंद, बाहेर बोळाला वळण. चादरीत बांधली आणि गाठोडं करून काढली. ती शुद्धीवर होती बेटा. सगळी चाळ बघत होती. तिनं आतून चादरीचं टोक धरलं आणि तोंडावर ओढून घेतलं." एवढं बोलून कप खाली ठेवला आणि डबा घेऊन उठले. मी पुन्हा कधी छेडलं नाही.

तीन वर्षं मी त्यांच्यासोबत उन्हात करपले. मग मला माझं पहिलं स्वतंत्र काम मिळालं आणि ते दिलं कुणी, तर चाचांच्याच मुलानं. सलीमभाईंनी जुळे सोलापुरातच तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. "अब्बांची शागीर्द आहे, तिलाच काम द्यायचं," म्हणाले. जन्मभर लोकांची घरं बांधणारे चाचा स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले होते. आता म्हातारपणी मुलासोबत फ्लॅटमध्ये राहायला जाणार होते. ते आपला डबा घेऊन आले, चकचकीत फरशी बघितली आणि डबा गॅलरीत ठेवून दिला. "हितं फक्की न्हाई टिकत. तूच बघ आता."

मी बघितलं! हॉल मोकळा केला, स्वयंपाकघराची भिंत काढून ओटा सरळ हॉलला जोडला, टीव्हीमागं लाकडी पट्ट्या, छताला लपवलेले दिवे. चादरींसाठी सोफ्याखाली कप्पे केले, म्हणजे गुरूचा धडा विसरले नव्हते बरं का. सलीमभाईंच्या बायकोला, म्हणजे भाभींना, बाथरूम मोठं हवं होतं, आंघोळीची जागा काचेनं वेगळी केलेली. म्हणून बाथरूमची भिंत सव्वा फूट पुढं घेतली, नवे पाइप तिच्यातून नेले. ती भिंत आली चाचांच्या खोलीतून हॉलकडे येणाऱ्या बोळात. साडेतीन फुटांचा बोळ सव्वादोन फूट उरला, वर टोकाला वळण. आणि आमचं शिक्षण बघा, बोळ अरुंद दिसू नये म्हणून मी तिथं भिंतभर आरसा बसवला. आरशात तो दुप्पट रुंद दिसायचा.

चटई आठवली नाही का? नाही आठवली. चटई प्लॉटवर असते, फ्लॅटमध्ये नाही, असंच काहीतरी माझ्या डोक्यात असणार. काम पुरं झाल्यावर चाचा सगळीकडे फिरले. बोळातून जाताना त्यांचा खांदा भिंतीला घासला. थांबले. समोरच्या आरशात मी त्यांच्यामागं उभी, नवी साडी नेसून, तोंडभर हसू. आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाले, "मस्त केलंस बेटा." ज्या माणसाच्या तोंडून तीन वर्षांत 'ठीक' सुद्धा निघालं नव्हतं, तो 'मस्त' म्हणाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मूर्खासारखी खूश होऊन पेढे वाटत फिरले.

सहा वर्षांनी, म्हणजे मागच्या साली, चाचांचं डावं अंग गेलं. दवाखान्यातून आले ते काठी टेकत, पण शेजारी धरायला माणूस लागायचं. हॉलमध्ये सलीमभाई धरायचे, खोलीत भाभी धरायच्या. बोळात मात्र दोन माणसं शेजारी शेजारी मावत नव्हती. तिथं सलीमभाई मागं थांबायचे आणि चाचा एकटे जायचे. पंधराव्या दिवशी तिथंच पडले. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर घरी येऊन गेले. हृदय ऑपरेशन सोसणार नाही म्हणाले. मुडपून उचलायचं नाही, हलवायचं झालंच तर फळीवर सरळ, आडवं न्यायचं.

सरळ, आडवं. मी टेप घेऊन धावत गेले. बोळ तीनदा मोजला. मी रडत होते म्हणून काही तो वाढणार नव्हता. रिकामी फळी खोलीतून निघाली, वळणावर अडली, तिरकी केली, परत अडली. व्हीलचेअर हॉलमध्ये घडी घालून उभी राहिली. चाचांच्या खोलीला एकच खिडकी, ती पाइपांच्या डक्टमध्ये उघडणारी. जन्मभर उघड्या प्लॉटवर उभा राहिलेला माणूस पाइपांकडे बघत पडला. एकच म्हणायचे, "गॅलरीत घेऊन चला रे मला." गॅलरीसमोरच्या प्लॉटवर कुणाचं तरी घर चाललं होतं, त्याची ठोकाठोकी त्यांना ऐकू यायची.

"मी भिंत फोडते," मी सलीमभाईंना म्हणाले. ते लगेच तयार झाले. गवंडी आणला. त्यानं भिंतीवर थाप मारून बघितली आणि म्हणाला, "फुटंल की. पण आधी चाचांना बाहेर काढा. त्यांची छाती भरलीया, धुरळा सोसणार न्हाई." चाचांना बाहेर काढायला भिंत फोडायला हवी, आणि भिंत फोडायला चाचांना बाहेर काढायला हवं. तरी मी दाराला प्लॅस्टिक लावलं, फटींत ओली फडकी कोंबली, आरसा उतरवला आणि म्हटलं, मारा. चार घाव बसले. आतून चाचांचा खोकला सुरू झाला तो थांबेचना. भाभी किंचाळल्या, "बस करा, ओठ निळे पडले!" गवंड्यानं घण खाली ठेवला. भिंतीला मूठभर खड्डा पडला होता, तो तसाच राहिला.

मग मी रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागले. दुसरं काय येत होतं मला? समोरच्या घराचं काम मोबाईलमध्ये दाखवायला गेले, तर तोंड फिरवलं. "तोंडानं सांग." मग मी गॅलरीत जाऊन बघायची आणि येऊन सांगायची. जोतं आलं, चौकटी बसल्या, स्लॅब टाकून झाला. ते डोळे मिटून ऐकायचे. "ओटा कुठं?" पूर्वेला, चाचा. "वाट किती?" साडेतीन फूट, चाचा. "हौ," म्हणायचे समाधानानं. समोरच्या घरातला बोळ तीन फूटसुद्धा नव्हता.

एक दिवस मला राहवलं नाही. म्हटलं, "चाचा, भिंत मी पुढं घेतली. तुम्हाला ह्या खोलीत मी कोंडलं."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"खांदा घासला तवापासून." शब्द जड यायचे त्यांचे, एकेक करून यायचे.

"मग बोलला का नाहीत? पायानं रेघा पुसायचात ना तुम्ही लोकांच्या! मला एक शिवी द्यायला काय झालं होतं?"

चाचांनी उजवा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. "तुझं पयलं काम व्हतं बेटा. नवी साडी नेसून आलतीस."

मी तिथंच हमसून हमसून रडले. त्यांनी हात काढला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "रडू नक्को. फक्त मला गाठोडं करून काढू नका." मी म्हटलं, नाही काढणार. कुठल्या तोंडानं म्हटलं, मलाच ठाऊक.

त्यानंतर दोन महिन्यांनी, सकाळी नऊच्या सुमाराला भाभींचा फोन आला. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. खाली पार्किंगमध्ये जनाजा, मयत न्यायची खाट, आणून ठेवला होता. तो वर येणं शक्यच नव्हतं. शेवटच्या आंघोळीसाठी चाचांना हॉलमध्ये आणायचं होतं. फळी पुन्हा एकदा लावून बघितली. आता भिंत फोडली असती तर त्यांना धुरळा लागणार नव्हता, पण तेवढा वेळ कुणापाशी होता? शेवटी भाभींनी सोफ्याखालचा कप्पा ओढला, मीच केलेला, आणि त्यातून एक नवी चादर काढून दिली.

मी बोळातच उभी होते, त्या मूठभर खड्ड्यापाशी. आतून ते निघाले. पुढं एक, मागं सलीमभाई, चादरीची टोकं मुठीत गोळा करून धरलेली. मध्ये चाचा, गुडघे छातीशी आलेले. चादरीचं एक टोक त्यांच्या तोंडावर पडलं होतं. वळणापाशी ते अडले. पुढच्यानं मागं बघितलं. सलीमभाईंचे डोळे वाहत होते. ह्या एवढ्या काळात ते मला एका शब्दानं बोलले नव्हते, आणि तेव्हाही रागानं बोलले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "ताई, जरा सरका. जागा नाही."

मी सरकले. जेवढं सरकता येत होतं तेवढं सरकले. पाठीला भिंत लागली.