न आलेल्या चिठ्ठ्या

ऑफिसात त्याला सगळे सेकंदराव म्हणत. तो चिडत नसे. बाकीचे लोक वेबसाइटची पानं बांधत, रंगवत. हा ती किती वेळात उघडतात ते मोजी आणि दर सोमवारी अहवाल देई. वेबसाइट मोठ्या इस्पितळाची. तपासणीचा नंबर लोकांनी घरबसल्या तिथूनच घ्यायचा. पान पुरतं उघडलं की ते आपणहून ऑफिसकडे चिठ्ठी धाडी: उघडलं, इतके सेकंद लागले. चिठ्ठ्यांची ही सोय त्यानं आठ वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं लिहिली होती आणि तिच्यावर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव.

मागल्या वर्षी नंबराच्या पानावर डॉक्टरांचा एक भलामोठा व्हिडिओ चढवला. पान जड झालं, तरी आकडा तीन सेकंदांवरून अडीचवर आला. ऑफिसच्या मोठ्या मॅडम खूश. "सेकंदराव, तुमच्या हाताला गुण आहे हो!" टाळ्या पडल्या. वजन वाढून माणूस जोरात कसा पळायला लागला, हे कुणी विचारलं नाही. त्यानंही नाही. आयतं आलेलं कौतुक कोण उलटून बघतं?

त्याची थोरली बहीण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची. एकटी. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश शिवायची. एके दिवशी तिच्या डाव्या डोळ्यापुढं काळी जाळी आली. जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखरेमुळं आत रक्त उतरलंय, मोठ्या इस्पितळात जाऊन इंजेक्शन घ्या, दोन आठवड्यांच्या आत. नंबर वेबसाइटवरून मिळेल.

तिनं भावाला फोन केला. "अरे, तुमचं ते पान उघडत नाही रे."

तो नेमका अहवालच करत बसला होता. समोर हिरवी पट्टी. "काय सांगतेस ताई! अडीच सेकंदांत उघडतं. आकडा आहे माझ्यापुढं."

"मग मला नुसतं पांढरं का दिसतंय?"

"तू भलतंच काहीतरी दाबत असशील. तुझी घाई काय मला माहीत नाही? टीव्ही लागेपर्यंत तीनदा बटण दाबतेस."

ती हसली. "खरंय बाबा. मला आपलं मशीनचं पायडल तेवढं कळतं."

"मी घेऊन देऊ का नंबर?"

"नको रे. तुझी कामं टाकून माझ्यामागं कुठं लागतोस? जमेल मला."

पुढं तो दोन-तीन दिवसांनी विचारी, "झालं का गं?"

"होतंय, होतंय," ती म्हणे. पुन्हा वेंधळी ठरायची तिला लाज वाटत होती.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्या डोळ्याला खिडकीचा उजेडही दिसेना. शेजारीण तिला धरून इस्पितळात घेऊन गेली. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. "उशीर झाला," एवढंच.

घरी आणल्यावर तो तिच्याजवळ बसला होता. मनात अजून राग होता, तिच्यावरच. "दाखव बरं, कसं दाबत होतीस?" म्हणत त्यानं तिचा जुना, कडा उडालेला फोन घेतला आणि स्वतःच पान उघडायला लावलं. पांढरं. सवयीनं तो मनात मोजू लागला. वीस. चाळीस. पंचावन्नला फोन थबकला आणि गोल चकरी पुन्हा पहिल्यापासून फिरू लागली.

"आता हे असंच चालायचं," ताई म्हणाली. "मी सकाळी अर्धा-अर्धा तास बघत बसायची."

दुसऱ्या दिवशी त्यानं कधी न केलेली गोष्ट केली. किती जणांनी पान मागितलं त्याची नोंद सर्व्हरवर असते. ती काढून चिठ्ठ्यांशेजारी ठेवली. शंभरांनी मागितलं, तर चिठ्ठ्या एकसष्टच. उरलेल्या एकोणचाळीस जणांचं पान पुरतं उघडलंच नव्हतं, म्हणून त्यांची चिठ्ठी निघाली नव्हती, म्हणून अहवालात ती माणसंच नव्हती. व्हिडिओ चढला तसे जुन्या फोनवाले गळत गेले. मागं चांगल्या फोनवालेच उरले, आणि आकडा सुधारला. टाळ्या पडल्या होत्या त्या यासाठीच.

सोमवारी त्यानं अहवालात नवा रकाना घातला: मागितलं, पण उघडलं नाही.

मॅडम गोंधळल्या. "अहो, हे आजच कुठून उपटलं? वर काय सांगू मी?"

"आधीपासून होतं, मॅडम. मी मोजत नव्हतो."

व्हिडिओ निघायला एक सकाळ पुरली. तो संध्याकाळी ताईकडे गेला. कुणीही जुन्या फोनवर पान उघडलं तरी आठ सेकंदांत उघडत होतं, पण ते त्यानं तिला सांगितलं नाही. उंबऱ्यातच म्हणाला, "ताई, तुझं काही चुकत नव्हतं. पानच बिघडलं होतं. माझं मोजणं चुकीचं होतं."

ती बघत राहिली. "म्हणजे मी बरोबर दाबत होते?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

डोळा गेला तेव्हा ती रडली नव्हती. आता पदर तोंडाला लावून रडली. मग नाक पुसून म्हणाली, "तेव्हा म्हणाला असतास ना, तर मी सरळ बस धरून तिथं दारात जाऊन बसले असते रे. मला वाटलं, खिडकीवरचा माणूसही हेच म्हणेल, बाई, तुम्हाला दाबता येत नाही."

ती उठली, चहा केला. एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही. धार कपाच्या बाहेर पडली. त्यानं फडकं घेतलं आणि ओटा पुसू लागला.

"पुरे आता," थोड्या वेळानं ती म्हणाली. "कोरडा झाला कधीच."