करपलेल्या हळदीचा वास
फोडणीत हळद जरा करपली की मला दादाचा कॉम्प्युटर आठवतो. करमाडकडच्या कंपनीत डबल ड्युट्या करून त्यानं गेम खेळण्यासाठी तो एकेक पार्ट घेत जुळवला होता, आणि दसऱ्याला आईनं झाकण उघडून, पाटावर आडवा ठेवून त्याची पूजा केली होती. दुसऱ्या दिवशी दादा ड्युटीवर असताना मी गेम लावला, तर स्क्रीनवर हिरव्या रेघा आल्या, सगळं काळं झालं आणि आतून तसलाच वास आला. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. सगळ्यात महागाचा पार्ट म्हणजे ग्राफिक्स कार्डच गेलं असं वाटून मी वायर उपटली. आई दारातच उभी होती. "माझ्या पूजेनं तर नाय ना बिघडलं?" तिनं विचारलं, आणि दादाच्या रागापेक्षा मला तिच्या चेहऱ्याचीच भीती वाटली. "नाय गं, धूळ असंल," म्हणत मी झाकण काढलं. तिनं मोबाईलचा उजेड धरला. जिन्यात पाऊल वाजलं की आम्ही दोघंही दचकायचो. कार्डाचा पंखा मी बोटानं फिरवला, तर फिरेना. पात्याखाली अक्षतेचा एक पिवळा दाणा रुतला होता. मी काही बोलायच्या आत आईनं पदराची पिन काढून दिली. दाणा निघाला, कॉम्प्युटर चालला, दादाला काहीच कळलं नाही. आता मशीनही नवं आलंय. पण यंदा दसऱ्याला आई पूजेचं ताट माझ्या हातात देऊन उंबऱ्याबाहेरच थांबली. "अक्षता तूच वाहा," ती म्हणाली, "माझा हात नको लागायला."