मी झोपले होते म्हणे

आई गेली तेव्हापासून मला झोप लागत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. शेवटच्या आजारपणात ती आमच्याकडे लोणावळ्यातच होती. तिचा श्वास मध्येच अडकायचा, म्हणून शेजारच्या खोलीत मी तिकडे कान लावून पडायचे. ती गेली, तरी माझं ऐकणं थांबलं नाही. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता पुढचा शब्द सुचेनासा व्हायचा आणि वर्गातल्या मुली एकमेकींकडे बघायच्या.

नवरा म्हणायचा, तू झोपतेस, मी बघतो ना. त्यावरून आमची भांडणं व्हायची. शेवटी पुण्यातल्या एका दवाखान्यात तपासणीला गेले. डोक्याला वायरी चिकटवून रात्रभर तिथे पडून राहिले. सकाळी त्या काढणाऱ्या बाईंना सांगितलं, डोळ्याला डोळा लागला नाही. नंतर डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, बहुतेक रात्र तुम्ही झोपेतच होतात.

मला रडूच आलं. इतके दिवस मी खोटं बोलत होते, असंच जणू त्यांनी सांगितलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"तुमचा थकवा खरा आहे," त्या म्हणाल्या. "शरीर झोपतं, पण मेंदूचा थोडा भाग राखण करत राहतो."

काळजीची सवय लागली की असं होतं, अधेमधे आलेली जाग तेवढी लक्षात राहते आणि मधली झोप आठवतच नाही, असं त्यांनी समजावलं. हे सगळं अजून पुरतं उलगडलेलं नाही, हेही सांगितलं. सोबत आलेला नवरा परतताना एकदाही "बघ, मी म्हणत होतो" असं म्हणाला नाही.

मला मात्र पटलं नव्हतं. पटलं ते लोणावळ्याजवळच्या औंढ्याला, थोरल्या बहिणीच्या घरी. भाताची झोडणी उरकली होती. जेवून मी पडवीत आडवी झाले. डोळे मिटून सगळं ऐकत होते: म्हशीची साखळी, कुकरची शिट्टी, शेजारणीशी चाललेल्या बहिणीच्या गप्पा. उठले तेव्हा बहिणीला म्हणाले, इथेही झोप नाही.

"आगं, लय येळ झोपली व्हतीस," ती म्हणाली. "डोकं उचलून उशी दिली, चादर घातली. कळलं न्हाई व्हय?"

डोक्याखाली उशी होती, अंगावर चादर. शेजारीण केव्हाच गेली होती, ऊन अंगणातून उतरलं होतं. गप्पा ऐकल्याचं आठवत होतं, पण कुणी डोकं उचलल्याचं नाही.

बहीण जवळ बसली. "आय गेली गं," ती हळूच म्हणाली. "आता कुणासाठी ऐकत पडतीस?"

मी चादरीची घडी घातली. ती चहा ठेवायला उठली.

अजूनही कित्येक सकाळी वाटतं, रात्र जागून काढली. मी नवऱ्याशी वाद घालत नाही, आवरून शाळेत जाते. दमलेली असतेच. पण दिवस कलला की रात्रीच्या धास्तीने छातीत जी धडधड सुरू व्हायची, ती हल्ली पुष्कळ कमी झाली आहे.