आत्याने बुजवलेला पाइप

आमची थोरली आत्या कुणाला शिव्याशाप देत नसे. ती फक्त 'बरं' म्हणायची, आणि तिने ज्याला 'बरं' म्हटलं तो पुढे पस्तावायचा. नवरा लवकर गेल्यावर ती पैठण रस्त्यावरच्या आमच्या शेतात राहायला आली आणि भावांच्या बरोबरीने राबली.

शेताच्या वरच्या अंगाला कारखाना झाला. दोन-तीन वर्षांत विहिरीच्या पाण्याला उग्र वास यायला लागला. मोसंबी वाळली. मग आत्याने पारडीपासून वाढवलेली म्हैस ते पाणी पिऊन मेली. वडिलांनी अर्ज केले, आत्या थेट कारखान्याच्या साहेबाकडे गेली. साहेब म्हणाला, पाणी तपासलंय, त्यात काही दोष नाही. म्हैस म्हातारी असेल.

आत्या म्हणाली, "बरं."

आठ दिवस ती ओढ्याकाठाने हिंडली. बाभळींच्या आड तिला कारखान्याचं घाण पाणी ओढ्यात सोडणारा चोरटा पाइप सापडला. भावकीतल्या बाया गोळा करून तिने भर दुपारी दगड-सिमेंटने त्याचं तोंड बुजवलं. तिसऱ्या दिवशी ते पाणी कारखान्याच्या आवारात तुंबलं. साहेबाच्या हिरवळीवर, गाडीखाली, ऑफिसच्या पायरीपर्यंत. साहेब फौजदाराला घेऊन आमच्या दारात आला.

आत्या शांतपणे म्हणाली, "पाण्यात दोष नाय म्हन्ले व्हते तुमी. मंग राहू द्या की तिथंच."

फौजदाराने साहेबाला विचारलं, पाइप तुमचाच आहे असं लिहून घेऊ का? साहेब वळला आणि गाडीत जाऊन बसला. तक्रार झाली नाही आणि पाइपही पुन्हा उघडला नाही. विहीर मात्र नासली ती नासलीच. गाव म्हणायचं, झालं ते झालं, आता सोडा. आत्या म्हणायची, "म्या सोडायला ते माझं हाय व्हय? जमिनीचं हाय."

पुढे ती पोटाच्या दुखण्याने गेली. त्या पाण्यामुळेच गेली असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आम्ही म्हणतो.

दीडेक महिन्याने तो साहेब भेटायला आला. निवृत्त झाला होता. उन्हातून आला, घाम पुसत ओट्यावर टेकला, बाई फार करारी होत्या म्हणाला. माझी बायको आतून तांब्या घेऊन निघाली. मी तिला हाताने थांबवलं. तो बराच वेळ बसला, एकदोनदा दाराकडे बघितलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि उठून गेला.

आमच्या ओट्यावरून कोरड्या घशाने गेलेला तो एकटाच पाहुणा. मला त्याचं अजून वाईट वाटलेलं नाही.