ओटीचा भाव

रविवार, १४ एप्रिल २००२. जेवणं आटोपली होती आणि मी किल्ल्यांना नव्या चिठ्ठ्या बांधत होते. दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायट्यांमध्ये तेव्हा अर्धे फ्लॅट रिकामे होते. मालक कुठेतरी बदलीच्या गावी, घर भाड्याने लावून द्यायला किल्ली माझ्याकडे. धुळीने आणि घामाने जुन्या चिठ्ठ्यांवरची अक्षरं पुसली होती. आदल्या आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाला चार मजले चढवून भलत्याच दारासमोर उभं केलं होतं.

शेजारी मुलगी वही-पेन्सिल घेऊन बसली होती. बारावी झालेली, पुढे कॉमर्सच करायचं म्हणत होती. यजमान वर्तमानपत्र वाचत होते. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "उद्या शाळेला काय सांगणार आहेस?"

शाळा म्हणजे आमच्या घरामागची. तिथे ऑफिसात जागा निघाली होती. आठ ते दोन, महिना साडेपाच हजार, सगळ्या सुट्ट्या. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. मी नेहमीचंच म्हणाले, "साडेपाच हजारांसाठी कोण बांधून घेणार? मी धंदा करते. एका सौद्यात मी त्यांचे दोन महिने काढते."

"मग झालंच," असं म्हणून त्यांनी पान उलटलं. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं.

मुलगी म्हणाली, "आई, चलो, काढूनच बघू ना. तासाला किती पडतात ते. बाबा पण गप्प बसतील."

मला खात्री होती, म्हणून मी हो म्हटलं.

वर्षभरात हातात आलेले पैसे मला तोंडपाठ होते, साधारण एकाहत्तर हजार. हा आकडा मी भिशीत दोन-तीनदा ऐकवलाही होता. मुलीने तो लिहिला आणि विचारलं, "अच्छा, पेट्रोल?" मग मोबाइल, ज्यावर तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. मग वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती, रिकामे फ्लॅट झाडून घेण्याची मजुरी, गिऱ्हाइकांना पाजलेली थंड पेयं. बेचाळीस हजार उरले.

"आता तास."

"ते कोण मोजतं?"

"शाळेचे मोजलेस ना? आठ ते दोन?"

भाड्याने गेलेल्या घरांचीही एक जादा किल्ली मालक माझ्याकडेच ठेवत. मग एकेक किल्ली हातात घेऊन ती विचारत गेली आणि मी सांगत गेले. ही सहाव्या सेक्टरची, अकरा वेळा दाखवली, गेली बाराव्यांदा. ही दहाव्या सेक्टरची. गिऱ्हाईक आलंच नाही, गेटवर दीड तास उभी होते. हिच्या मालकाला नोएडाहून आणायला मी स्वतः गाडी घेऊन गेले होते. बिल्कुल कमी धरून आठवड्याचे चाळीस तास झाले. तिने भागाकार केला आणि पेन्सिल खाली ठेवली.

तासाला एकवीस रुपये. शाळेचे पन्नासाच्या आसपास पडत होते.

मार्केटमधल्या पार्लरमध्ये भुवया कोरायचे वीस घेतात आणि दहा मिनिटांत मोकळं करतात, हे पहिल्यांदा डोक्यात आलं. यजमानांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. ते मुद्दाम वर धरून बसले आहेत, हे मला कळत होतं.

"काहीतरी सुटलंय," मुलगी म्हणाली. "या सात किल्ल्यांवर तू फिरलीस खूप, पण पैसे मालकाकडूनच आलेत. दुसऱ्या बाजूचे कुठे आहेत?"

मी दोऱ्याची गाठ सोडवत राहिले. "ती आपली माणसं होती."

"म्हणजे?"

"मराठी."

द्वारकेत तेव्हाचा रिवाज साधा होता. भाडं ठरलं की भाडेकरूकडून पंधरा दिवसांचं, मालकाकडून तेवढंच, आणि घर विकलं तर दोघांकडून एकेक टक्का. पंजाबी, बंगाली, बिहारी, कुणालाही मी पहिल्या फोनवरच सांगत असे, "पंद्रह दिन का किराया लगेगा, जी." जीभ अडखळत नसे. पण पलीकडून "आपण मराठी ना?" असं आलं की मी त्यांना घरी पोह्यांना बोलवायची, गाडीतून हिंडवायची, गॅसचं कनेक्शन आणि दूधवालाही लावून द्यायची. पैशांचा विषय निघालाच तर म्हणायची, "ते बघू हो नंतर." आणि ते नंतरही बघत नसत.

"मग त्यांनी काहीच नाही दिलं?"

"दिलं. ओटी भरली."

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसत सुटली. "यार आई! ओटीचा भाव काय धरू? खण, नारळ, मूठभर तांदूळ... आणि नारळाची तर तू बर्फी करून त्यांनाच पाठवलीस!"

वर्तमानपत्रामागूनही हसू फुटलं. मीही हसले. उठून पाणी प्यायले आणि स्वयंपाकघरातच ओट्याशी उभी राहिले.

हसण्यासारखं काही नव्हतं. मी हे मनाच्या मोठेपणाने केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण प्रत्येक वेळी, ओटी पदरात घेऊन वाकताना, खणाखाली पाकीट असेल का हे मी बोटांनी चाचपलं होतं. नसायचं. मग त्या बाईबद्दल मी महिनाभर कडवट बोलायची.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा कुणीतरी मला विचारलं होतं, "वहिनी, तुम्ही काय करता?" मी म्हणाले, "लोकांना घरं बघायला मदत करते." शेजारी बसलेल्या काकू लगेच म्हणाल्या, "अहो, दलाली नाही हं ही! आपल्या लोकांसाठी केवढं करतात त्या!" मला ते इतकं गोड लागलं की त्यानंतर त्यांनी पाठवलेल्या तिन्ही कुटुंबांकडून मी एक पैसा मागितला नाही. हिंदीत मी चांगली प्रॉपर्टी डीलर होते. मराठीत मला दलाल व्हायचं नव्हतं, आणि त्या न होण्याचे पैसे आमच्या घरातून जात होते.

बाहेर आले तेव्हा मुलगी थोडी ओशाळली होती. तिने सातही घरांचे पैसे मिळाले असते असं धरून पुन्हा भागाकार केला होता. "तेहतीस होतात, आई," ती हळूच म्हणाली. जणू त्याने मला बरं वाटेल.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मला एका जोडप्याला आणायला जायचं होतं. पुण्याहून बदली होऊन आलेले गृहस्थ आणि त्यांची बायको. कस्तुरबा गांधी मार्गावर सरकारी गेस्ट हाउसात उतरले होते. अर्थात काकूंनीच पाठवलेले. सकाळी साडेसातला मी तिथे फोन लावला. रिसेप्शनवर हिंदीत बोलले, खोलीला जोडून दिल्यावर गृहस्थ "हॅलो" म्हणाले, आणि मी थांबले नाही. थांबले असते तर मराठीत शिरले असते.

"सर, एक बात पहले बता दूँ. घर पसंद आया तो पंद्रह दिन का किराया मेरा रहेगा."

 ते म्हणाले, "अहो, वहिनीच ना तुम्ही? आम्हाला वाटलं, तुम्ही हे हौसेनं करता."

"नाही," मी म्हणाले. तेवढं मात्र मराठीत म्हणाले.

"बरं. मग हिच्याशी बोलतो आणि कळवतो. आत्ता येऊ नका."

मी गाडीची किल्ली खिळ्याला परत अडकवली. साडी बदलली आणि मागच्या गल्लीतून चालत शाळेत गेले. हेडक्लार्क कुलूप उघडत होते. कुलपात किल्ली फिरवता फिरवताच त्यांनी मला विचारलं, "तो मॅडम, हाँ या ना?"

"हाँ," मी म्हणाले. "पर दो बजे के बाद मैं मकान दिखाती हूँ. दलाली लेती हूँ. स्कूल को कोई दिक्कत तो नहीं?"

त्यांनी खांदे उडवले आणि मला बसायला खुर्ची पुसून दिली.