एक जून जन्मतारीख असलेली माणसं

शहाडला आम्ही एका खोलीत पाच माणसं राहत होतो. वडील जीन्स धुण्याच्या कारखान्यात होते. मनगटापर्यंत निळे हात घेऊन घरी यायचे, आणि तेच हात धुऊन जेवायला बसायचे. आई घरी पँटींचे सुटे धागे कापायची. आम्ही तिघं भावंडं शाळेतून आलो की कात्री घेऊन तिच्या शेजारी. अभ्यास धागे संपल्यावर. वडिलांचे डोळे कायम लाल असायचे. कारखान्यातली वाफ, दुसरं काय, असं सगळेच म्हणायचे. डॉक्टरकडे कोणी गेलं नाही.

त्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी सांगते तेव्हा लोकांना बढाई वाटते. वाटू दे, बढाई आहेच.

ठाण्यात एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायची नोकरी लागली. लग्नानंतर कोपरीत राहायला आले. आमचं काम रुबी या भाषेत चालायचं. रुबीतून डेटाबेसशी बोलायला एक लायब्ररी असते, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला, आपण वापरायचा तयार कोड. तिची नवी आवृत्ती आली की बदलांची यादी मी सगळ्यांच्या आधी वाचायचे. इंग्रजी अडायचं, पण वाचायचे.

एका आवृत्तीत मोठी सोय आली. आधी प्रत्येक नोंदीसाठी विचारावं लागायचं, हा माणूस आधीपासून आहे का, आणि मग लिहायचं. आता अख्खी यादी एकदम द्यायची. असेल तर जुन्यावर नवं लिही, नसेल तर भर घाल. माणूस ओळखायचा कशावरून, तेवढं आपण सांगायचं.

तेव्हा आमच्याकडे कल्याणच्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्याचं काम होतं. वस्त्यांमधल्या शिबिरांच्या याद्या यायच्या, त्यावरून पेशंटना फेरतपासणीचा मेसेज जायचा. माझे वडील त्याच दवाखान्यात जायचे. त्यांना काचबिंदू निघालेला. दर तीन महिन्यांनी डोळ्यांचा दाब बघायचा आणि थेंब बदलून घ्यायचे.

ही नवी सोय मी तिथे बसवली. आमच्या सीनियरनी विचारलं, "ओळख कशावरून धरलीस?"

"नाव, आडनाव आणि जन्मतारीख."

"पुरेल?"

"सर, तिन्ही सारखं असलेली दोन माणसं आणणार कुठून?"

"बघ बाई, बदलांची यादी तू वाचलीयस," ते म्हणाले आणि चहाला गेले.

याद्या चढवायला आधी दुपार जायची, आता चहा संपायच्या आत काम व्हायचं. ऑफिसात कौतुक झालं. मी रविवारी शहाडला गेलेले तेव्हा वडिलांना सांगितलं, "बाबा, आता खिडकीवर जाऊन तारीख विचारायची नाही. मेसेज येईल. ते मीच केलंय."

आधी ते दर महिन्याला स्वतः चालत जाऊन विचारून यायचे. ते त्यांनी बंद केलं.

पुढचे सात-आठ महिने मेसेज आला नाही. आई म्हणायची, "अहो, एकदा जाऊन तर या." ते म्हणायचे, "पोरीने केलेलं आहे. वेळ आली की येईल." थेंब संपले, तेही त्यांनी मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. फोनवर मी जेवलात का एवढंच विचारायचे आणि ठेवायचे.

मग एका रविवारी आईने डावीकडून चहाचा कप पुढे केला आणि त्यांना तो दिसलाच नाही. हात लागून सांडला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांना घेऊन गेले.

खिडकीवरच्या ताईंनी नाव टाकलं. "आहेत की काका. डोंबिवली ना?"

"नाही हो, शहाड."

"इथे डोंबिवली दिसतंय. फोनही वेगळा आहे. जन्मतारीख एक जून बरोबर?"

"बरोबर," वडील म्हणाले.

मागून एक आजोबा ओरडले, "माझीपण एक जूनच हाय! मास्तरनी अख्ख्या वर्गाला तीच वाटलेली. शाळा कधी सुरू होते तेवढंच त्याला पाठ!"

दुसरे म्हणाले, "मग काय रे, वाढदिवसाचा केक एकच आणू."

रांग हसली. वडीलही हसले. वडिलांची जन्मतारीख खोटी आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्या वस्तीत निम्म्या म्हाताऱ्यांची तीच. ऑफिसात दुसऱ्या कोणाला हे कळलं नसतं, मला कळायला हवं होतं. डोंबिवलीच्या त्याच नावाच्या, त्याच तारखेच्या, सालही तेच असलेल्या माणसाची नोंद माझ्या वडिलांच्या नोंदीवर चढली होती, मेसेज त्याच्या फोनवर जात होते, आणि कुठेही कसली सूचना उमटली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली, ती परत येत नाही. उरलेली सांभाळू.

रिक्षात वडील म्हणाले, "हपिसात सांगू नको गं. नोकरीवर येईल."

मी सांगितलं. जुने बॅकअप काढून सगळ्या नोंदी तपासल्या. असे आणखी नऊ जण निघाले. प्रत्येकाला फोन मी स्वतः केला. ओळखीसाठी प्रत्येक पेशंटला वेगळा नंबर दिला, जो पहिल्या दिवशीच द्यायला हवा होता.

मग लायब्ररी लिहिणाऱ्यांना एक बदल सुचवून पाठवला; तिचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो, बदल कोणीही लिहून पाठवू शकतं. एकाने उत्तर दिलं, ओळख नीट निवडली तर याची गरजच नाही. खरं होतं ते. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं की चूक माझीच आहे, पण ती मला आठ महिने दिसली नाही, आणि तेवढ्यात एका माणसाची नजर गेली. तो माणूस कोण, ते लिहिलं नाही. त्यांनी तीनदा कोड परत पाठवला, मी तीनदा दुरुस्त केला.

आता नव्या आवृत्तीत जुन्या नोंदीवर नवी लिहिली गेली, तर ती कोणती आणि तिथे आधी काय होतं, याची यादी मागितली की लायब्ररी देते. तो बदल मी लिहिलेला आहे.